शिकाऱ्याची सुरी आणि खाटकाची सुरी

सह्याद्रीत भटकायला निघालेल्या माणसाने पाठपिशवीत कोणती सुरी ठेवावी, हा प्रश्न वरकरणी साहित्याच्या अभ्यासकाचा नव्हे. तरी तो आमच्यात निघाला आणि निघाल्यावर मिटेना. गिर्यारोहणाचे साहित्य विकणाऱ्या कोणत्याही दुकानात गेले, की काचेच्या कपाटात दोन जातींची पाती दिसतात. एक मुठीत मिटणारी. दुसरी मुठीत कायमची रुतलेली, न दुमडणारी, म्यानात ठेवायची. या दुसऱ्या जातीला दुकानदार 'हंटिंग नाइफ' म्हणतो. घेणाऱ्यालाही त्यात काही वावगे वाटत नाही. वास्तविक आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने रानातली शिकार जवळजवळ संपवली. त्याआधी मुंबई राज्याने १९५१ साली वन्य पशुपक्ष्यांच्या संरक्षणाचा कायदा केला होताच. म्हणजे शिकार गेली त्याला अर्धे शतक उलटले. शिकारीची सुरी मात्र विकली जाते आहे, आणि तीही जिने आयुष्यात ससाही मारलेला नाही अशा पिढीला.

ही सुरी ज्या कामासाठी घडली ते काम तरी कोणते? जनावर मारण्याचे नव्हे. ते बाणाने, भाल्याने, नंतर बंदुकीने झाले. सुरीचे काम पुढचे : कातडे सोडवणे, पोट फाडणे, सांधे मोकळे करणे, मांस हाडावरून उतरवणे. हे काम मुंबईत आजही होते, आणि त्याचे सर्वांत मोठे ठिकाण सर्वांना ठाऊक आहे. ते देवनारला आहे. तिथे या कामात हयात घालवलेली माणसे आहेत. परंतु सुरी घ्यायची म्हणून देवनारच्या माणसाला विचारायला कोणी जात नाही. आम्हीही गेलो नव्हतो. हे असे का, याचा शोध घेताना जे हाती लागले ते येथे मांडत आहोत.

*

ज्या सुरीला आज शिकारीची म्हणतात तिची प्रतिमा अमेरिकेतून आली. १९ सप्टेंबर १८२७ रोजी मिसिसिपी नदीतल्या एका वाळूच्या बेटावर द्वंद्वयुद्धाच्या निमित्ताने जमलेल्या दोन टोळ्यांत मारामारी झाली. तीत जखमी झालेल्या जेम्स बोवी याने एका मोठ्या सुरीने प्रतिपक्षातल्या एकाला ठार केले. 'बोवी नाइफ'ची आख्यायिका येथून सुरू झाली. पुढे शेफील्डच्या कारखानदारांनी अमेरिकन बाजारासाठी या नावाची पाती भराभर घडवली, त्यांना टोकदार अणी आणि मुठीपुढे आडवा पितळी अडसर दिला. ती सुरी शस्त्र झाली.

पण मूळची सुरी कशी होती? त्या दिवसाची वर्णने करणाऱ्यांना ती खाटकाच्या मोठ्या सुरीसारखी वाटली होती. जेम्सचा भाऊ रेझिन बोवी याने १८३८ साली वृत्तपत्राला पत्र लिहून खुलासा केला, की ती आपणच शिकारीच्या कामासाठी करवून घेतली होती. पाते सव्वानऊ इंच लांब, दीड इंच रुंद, एकधारी आणि सरळ होते. म्हणजे शोभा, वाक, अडसर हे सारे मागाहूनचे. पुढच्याच दशकात रॉकी पर्वतात कातड्यांसाठी हिंडणाऱ्या शिकाऱ्यांच्या कमरेला ज्या सुऱ्या होत्या, त्या बहुतेक शेफील्डच्या, नाहीतर मॅसॅच्युसेट्समध्ये जॉन रसेलने १८३४ मध्ये काढलेल्या कारखान्याच्या. त्या कारखान्याच्या मालात खाटीककामाच्या आणि कातडी सोलण्याच्या साध्या सुऱ्याच होत्या. लाकडी मूठ, पातळ पाते, कसलाही थाट नाही. रानात राहून पाहिलेल्यांनाही हेच हवे असे. 'नेसमक' या टोपणनावाने लिहिणाऱ्या जॉर्ज वॉशिंग्टन सीअर्स यांनी १८८४ च्या 'वुडक्राफ्ट' या पुस्तकात दुकानात मिळणाऱ्या जाडजूड शिकारी सुऱ्यांची टर उडवली आणि पातळ पात्याची बाजू घेतली.

तात्पर्य, शिकाऱ्याची सुरी ही खाटकाची सुरी होती. ती ज्याच्या हाती गेली त्याप्रमाणे तिचे नाव बदलले. नाव बदलले आणि प्रतिष्ठाही बदलली. हे अमेरिकेत झाले म्हणून आपण हसून सोडून द्यावे, तर आपल्या घरातली गोष्ट याहून वेगळी नाही.

*

मराठीतले शब्द पाहा. 'सुरी' आणि 'सुरा' हे संस्कृत क्षुर, क्षुरिका यांच्या वंशातले, घरचे शब्द. 'चाकू' तुर्की-फारसीच्या वाटेने आला. आज चाकू म्हटले की पेन्सिल तासायचा, मिटणारा चाकू आधी आठवतो. सुरी म्हटले की न मिटणारी. हाडे तोडायचा 'सत्तूर' फारसीतून आला, 'खंजीर' आणि 'जांबिया' अरबीकडून. 'बिचवा' विंचवाच्या नांगीवरून. स्वयंपाकघरात मात्र या कोणाचेच राज्य नव्हते. तिथे होती विळी, कोकणात मोरळी वा आदोळी. तिचे पाते पाटात रुतलेले, पाट पायाखाली दाबलेला, दोन्ही हात मोकळे. सगळ्या जगात माणूस पाते वस्तूवर चालवतो. विळीवर वस्तू पात्यावर चालवली जाते. पक्क्या पात्याची याहून पक्की कल्पना आम्हांला माहीत नाही. मुंबईच्या बाजारात कोळीण ज्या सफाईने सुरमईचे तुकडे करते, ती सफाई पात्याच्या या अचलपणातून आलेली असते.

म्हणींतही सुरी आहेच. सोन्याची सुरी झाली म्हणून उरात खुपसून घेत नाहीत. तोंडात राम आणि बगलेत सुरी. विळ्याभोपळ्याचे सख्य. कसायाला गाय धार्जिणी. या म्हणी ओळीने मांडल्या, की एक गोष्ट लक्षात येते. भाषेने सुरीला सदैव मानेजवळ ठेवले आहे. सुरीने कोणी काही चिरतो, सोलतो, घडवतो, असे म्हण सांगत नाही. आणि सुरी धरणारा कसाई हा तर निर्दयतेचा प्रतिशब्दच झाला. 'शिकारी' या शब्दाला असा डाग कधी लागला नाही.

हा भेद जुना आहे. मनुस्मृतीने मृगयेला राजाच्या व्यसनांत गणले खरे, पण ते राजाचे व्यसन. त्यात हीनपणा नाही. उलट 'सूना' म्हणजे वधस्थान. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात सूनाध्यक्ष हा स्वतंत्र अधिकारी आहे : कोणते प्राणी मारू नयेत, मांस कसे विकावे, यावर देखरेख करणारा. आजच्या महापालिकेच्या पशुवधगृहाचा तो दूरचा पूर्वज म्हणावा. धर्मशास्त्राने तर प्रत्येक गृहस्थाच्या घरात पाच सूना मोजल्या : चूल, पाटा, केरसुणी, उखळ आणि पाण्याचे भांडे. या पाचांपाशी नकळत जीवहत्या होते, म्हणून रोजचे पंचमहायज्ञ. वधस्थान प्रत्येक घरात आहे, असे मान्य करणारा हा विचार आम्हांला विलक्षण वाटतो. पुढच्या समाजाने तो विसरून वधाचे सारे ओझे एका जातीच्या माथ्यावर ठेवले.

हे ओझे नेहमीच असे वेगळे काढलेले नव्हते, याची एक खूण दक्षिणेतच आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याचा 'मानसोल्लास' हा ग्रंथ शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९-३० च्या सुमाराचा. कल्याणी म्हणजे आजच्या बिदर जिल्ह्यातले बसवकल्याण, मराठी-कानडीच्या सीमेवरचे. या ग्रंथाच्या विनोदांच्या भागात मृगयेचे सविस्तर वर्णन आहे, आणि उपभोगांच्या भागात अन्नभोगाचे. तिथे रानडुकराचे केस कसे काढावेत, मांसाचे तुकडे केवढे करावेत, ते कसे भाजावेत, हे एक राजा बारकाईने सांगतो. मारणे, सोलणे, चिरणे, शिजवणे आणि खाणे हे एकाच ग्रंथात, एकाच लेखकाच्या आस्थेचे विषय आहेत. मराठी अभ्यासक 'मानसोल्लासा'कडे जातो तो बहुधा त्यातल्या मराठीच्या जुन्या खुणांसाठी. त्याने ही पानेही उलटून पाहावीत.

*

गावगाड्यात सुरी कोणाच्या हाती होती, हे पाहिले म्हणजे चित्र आणखी गुंतागुंतीचे होते. महाराष्ट्रातल्या अनेक गावांत जत्रेचा बकरा कापण्याचा मान मुलाण्याचा. देव हिंदूंचा, नवस हिंदूंचा, बकरा हिंदूंचा. सुरी मुलाण्याची, आणि त्याबद्दल त्याचा ठरलेला वाटा. बलुत्या-अलुत्यांच्या याद्यांत मुलाणा येतो तो या नात्याने. खाटीक हिंदूंतही आहेत. आणि मेलेल्या जनावराचे कातडे काढण्याचे काम महारांवर लादलेले होते.

या तिसऱ्या सुरीला साहित्यात जागा मिळाली ती फार उशिरा. १९२७ च्या मार्चमध्ये महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मृत जनावराचे मांस खाणे सोडा, असे सांगितले. ज्या कामामुळे माणूस हीन ठरवला जातो ते काम नाकारणे, हाच तेव्हा माणुसकीचा मार्ग होता. ओमप्रकाश वाल्मीकी यांच्या 'जूठन' (१९९७) या हिंदी आत्मकथनात शाळकरी मुलाच्या हाती बैलाचे कातडे काढण्यासाठी सुरी दिली जाते, तो प्रसंग वाचलेला कोणीही विसरणार नाही. मराठी दलित आत्मकथनांनीही या अनुभवाला शब्द दिला. त्या सुरीच्या शेजारी संस्थानिकाच्या शिकारीच्या छायाचित्रातली सुरी ठेवून पाहा. काम तेच, पाते तेच. एकाने ती धरली की पराक्रम, दुसऱ्याने धरली की विटाळ.

धर्मविधीत सुरीची निवड किती काटेकोर असू शकते, याचे उत्तम उदाहरण मराठी बोलणाऱ्या एका समाजातच आहे. कोकणातले बेने इस्राएल, ज्यांना गावकरी 'शनवार तेली' म्हणत. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे वधाच्या सुरीला अणी नसते. पाते सरळ आणि टोकाशी चौकोनी. धारेवर केसाएवढाही खाचा चालत नाही. वधापूर्वी आणि नंतर धार नखावरून आणि बोटाच्या मांसल भागावरून फिरवून तपासायची. खाचा आढळला तर मांस वर्ज्य. इस्लामी परंपरेतही सुरी तीक्ष्ण असावी, आणि जनावरासमोर तिला धार लावू नये, असा दंडक आहे. दोन्हीकडे मुद्दा एकच : बोथट सुरी हा अपराध आहे. पर्यटकाच्या पिशवीतली सुरी सहसा बोथट असते, आणि त्याचे त्याला काहीच वाटत नाही.

*

इंग्रजांच्या मुंबईने सूना गावाबाहेर नेली. आर्थर क्रॉफर्ड हे १८६५ ते १८७१ या काळात मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर. त्यांच्या कारकिर्दीत शहरातले कत्तलखाने माहीमच्या खाडीपलीकडे, वांद्र्याला गेले. वांद्रे तेव्हा शहराबाहेर होते. मांस मात्र शहरात विकले जाई : १८६९ मध्ये उघडलेल्या, आणि त्यांच्याच नावाने ओळखल्या गेलेल्या मंडईत. आज तिला महात्मा जोतिबा फुले मंडई म्हणतात. मांस डोळ्यांपुढे, वध दृष्टीआड, ही आधुनिक शहराची रीत येथून पक्की झाली. शंभर वर्षांत वांद्रे शहराच्या पोटात आले, आणि वधगृह पुन्हा बाहेर निघाले. १९७१ मध्ये ते देवनारला सुरू झाले. शेजारी महापालिकेची कचराभूमी आधीपासून होतीच. शहराला नकोसे वाटणारे सारे एका दिशेला साठत गेले, आणि 'देवनार' हे नाव मुंबईकराच्या तोंडी पत्ता न राहता शेरा झाले. ज्या नावात देव आहे त्या नावावर नाक मुरडले जाते. याच देवनारमध्ये टाटा समाजविज्ञान संस्था १९५४ पासून आहे, हे सांगितले की अनेकांना आश्चर्य वाटते.

या आवाराच्या भिंतीआड सुरीच्या कामाची वाटणी झालेली आहे, जशी ती जगातल्या कोणत्याही वधगृहात होते. गळ्याची सुरी लांब, सरळ आणि धारदार. सोलण्याची सुरी आखूड. तिच्या धारेला पोटाशी गोलाई असते आणि टोक बोथटलेले वा वर उचललेले, म्हणजे कातड्याला भोक पडत नाही. भोक पडले की कातड्याचा भाव पडतो. हाडावरून मांस उतरवायची सुरी अरुंद, जेणेकरून ती सांध्यात वळते. सत्तूर जड, तिथे धारेपेक्षा वजन काम करते. कामाच्या अधूनमधून पोलादी सळईवर पाते फिरवले जाते. त्या सळईने नवी धार लागत नाही; वापराने एका अंगाला वळलेली धार सरळ होते. धार लावायची ती दगडावर, निसण्यावर, काम संपल्यावर.

अमेरिकेत बॉब लव्हलेस (१९२९-२०१०) या कारागिराने शिकारीच्या सुरीची अणी पाठीकडून हलकेच खाली उतरवली, आणि ते पाते जगभर गाजले. कारण सांगितले गेले ते असे : जनावर सोलताना आतडे आणि कातडे फुटू नये. सोलणाऱ्यांना हे कधीचे ठाऊक होते. एकाच शहाणपणाला एकीकडे कर्त्याचे नाव मिळाले, दुसरीकडे ते निनावी राहिले.

कायद्याचे पाऊल या आवारात वारंवार पडले आहे. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण अधिनियमाने गोवध बंद केला. २०१५ च्या दुरुस्तीने बैल आणि वळूही त्यात आले. शेळ्या-मेंढ्या, म्हशी यांचे काम चालू राहिले, आणि बकरी ईदच्या आधी राजस्थान, गुजरात, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातून बकरे घेऊन व्यापारी येतात तो देवनारचा बाजारही. परंतु २०१५ नंतर धारावीतल्या चामड्याच्या कारागिरांना कच्च्या मालाची चणचण भासू लागली. आमच्या पाठपिशवीतल्या सुरीचे म्यान चामड्याचे असते, हे अशा वेळी आठवते. सुरीपासून म्यानापर्यंतची साखळी एकाच जागेतून जाते.

*

पात्याचा विषय निघाला की पोलादाचा निघणारच. मराठीत पोलाद कडक करणाऱ्या क्रियेला 'पाणी देणे' म्हणतात. पाते लाल तापवून पाण्यात वा तेलात बुडवायचे. ते कडक होते पण काचेसारखे ठिसूळही. मग ते पुन्हा हलके तापवायचे. घासलेल्या पोलादावर आधी गवती पिवळा रंग चढतो, मग तपकिरी, मग निळा. रंग पाहून थांबायचे. पिवळ्यावर थांबले तर धार टिकते, निळ्यापर्यंत गेले तर पाते लवचीक होते. या एका शब्दातून 'पाणीदार' आला. पाणीदार तलवार, पाणीदार डोळे, पाणीदार माणूस. एखाद्याचे 'पाणी जोखणे' म्हणताना आपण लोहाराच्या भट्टीपाशी उभे असतो, याची जाण राहिलेली नाही.

हे पाणी मुंबईहूनच एकदा इंग्लंडला गेले होते. १७९४ मध्ये मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी दख्खनच्या पोलादाचे, ज्याला तिकडे 'वूट्झ' म्हणत, नमुने रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पाठवले. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्याची परीक्षा प्रसिद्ध केली. लंडनचा शस्त्रकार जेम्स स्टोडार्ट या पोलादावर लुब्ध झाला. पुढे त्याने मायकेल फॅरडेबरोबर मिश्रपोलादांचे प्रयोग केले. शेफील्डच्या हॅरी ब्रियर्ली यांनी १९१३ मध्ये न गंजणारे पोलाद ओतले, तेही मिश्रपोलादाच्या याच शोधाच्या ओघात. आज आपण शेफील्डचा शिक्का पाहून भारावतो, तेव्हा हा उलटा प्रवास विसरतो.

आणि ज्यांच्या हातात ही विद्या होती त्यांचे काय झाले? तलवारींना धार लावून झळाळी देणारे शिकलगार, गाढवावर भाता लादून गावोगाव हिंडणारे घिसाडी. १८७८ च्या शस्त्रकायद्याने सामान्य माणसाच्या हातातले शस्त्र गेले, तेव्हा त्याला धार लावणाऱ्याचेही काम गेले. शिकलगाराचे चाक कात्र्या आणि सुऱ्यांवर आले. फासे टाकून शिकार करणारे फासेपारधी तर १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या धोरणाखाली जन्मजात गुन्हेगार ठरले. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण शेरा पुसला गेला नाही. शिकाऱ्यांचे वर्णन करणाऱ्या साहित्यात हाही एक भेद आहे : साहेबाची ती शिकार, पारध्याची ती चोरी. मारुती चितमपल्ली यांनी (निधन : १८ जून २०२५) रानातल्या माणसांच्या शब्दांना कोशाची प्रतिष्ठा दिली. त्यांचे मोल या पार्श्वभूमीवर अधिक कळते.

खेड्यातला लोहार आज कोयता घडवतो तो बहुधा मोटारीच्या कमानीच्या जुन्या पाट्यातून. ते पोलाद भार झेलून परत सरळ होण्यासाठीच केलेले असते. त्यामुळे तो कोयता तुटत नाही. दुकानातली चकचकीत सुरी आणि लोहाराचा काळा कोयता यांत अधिक शास्त्रशुद्ध पोलाद कोणाचे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही.

*

कोयता म्हटला की वृत्तपत्र आठवते. २०२२-२३ च्या सुमारास पुण्यातल्या बातम्यांत 'कोयता गँग' हा शब्द रुळला, आणि शेतीचे एक अवजार दहशतीचे चिन्ह झाले. कायदा या बाबतीत एक मजेशीर भेद करतो. १९६२ च्या शस्त्रनियमांनी नऊ इंचांहून लांब वा दोन इंचांहून रुंद पात्याच्या सुऱ्या शस्त्रांच्या वर्गात घातल्या, पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय वा औद्योगिक कामासाठी घडवलेली पाती त्यातून वगळली. २०१६ च्या नियमांतही तोच भेद राहिला. म्हणजे पात्याचे मोजमाप पुरेसे नाही. ते कशासाठी घडले हे पाहायचे. रेझिन बोवीची सव्वानऊ इंची सुरी या मापात पाव इंचाने अडकली असती. सत्तूर, विळी आणि कोयता सुटतात, ते कामाच्या जोरावर. कायद्याने येथे, कळत-नकळत, कामाला मान दिला आहे.

परंतु काम करणाऱ्याला? ऊसतोडीच्या व्यवहारात नवराबायकोच्या जोडीला 'एक कोयता' म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यामागे. एकट्या माणसाला 'अर्धा कोयता'. काव्यशास्त्र शिकवताना आम्ही लक्षणेचे उदाहरण देतो : भाले घेतलेल्या माणसांना नुसते 'भाले' म्हणणे. वर्गात ते उदाहरण जुने, निरुपद्रवी वाटते. बीडहून दरवर्षी साखर कारखान्यांकडे निघणाऱ्या गाड्यांत तीच लक्षणा जिवंत माणसांवर बसलेली आहे. पाते उरले, माणूस वगळला. तसे पाहिले तर 'देवनार' हीही लक्षणाच आहे. तिथे जागेच्या नावात माणसे बुडाली.

मराठी साहित्याने यातले काय टिपले? कट्यार टिपली. पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या १९६७ च्या 'कट्यार काळजात घुसली' मध्ये ती राजगायकाला मिळालेली, एक खून माफ करणारी कट्यार आहे. शस्त्र, मान आणि अहंकार यांचे सुंदर प्रतीक. व्यंकटेश माडगूळकर बंदूक घेऊन रानात गेले आणि निरीक्षक होऊन परतले. त्या वाटेवरच्या त्यांच्या लेखनाने मराठी गद्याला डोळे दिले. पण सोलणाऱ्याचा हात, त्याची मनगटातली अक्कल, सळईवर पाते फिरवण्याचा त्याचा ठेका, यांवर आमच्या वाचनात फार थोडे आले आहे. आमच्या समीक्षेची सुरी बहुतेक वेळा कट्यारीवरच चालली.

*

आता मूळ प्रश्नाकडे. पाठपिशवीत कोणती सुरी ठेवावी? इतका फेरा मारल्यावर उत्तर अगदी साधे येते.

पाते चार इंचांच्या आसपास पुरे. डोंगरात सुरीने दोर कापायचा, भाजी चिरायची, काटकी छिलायची. अस्वलाशी झुंजायचे नाही. पाते पातळ असावे, पाठीशी तीन मिलिमीटरांच्या आतबाहेर. जाड पाते चिरत नाही, फाडते. पात्याचा मुठीत शिरणारा भाग मुठीच्या शेवटापर्यंत गेलेला असावा, कारण पक्क्या पात्याची सुरी मोडते ती नेमकी मुठीपाशी. मिटणाऱ्या चाकूत हाच दुबळा सांधा मुद्दाम ठेवलेला असतो. खिशाच्या सोयीसाठी ताकद सोडलेली असते. अणी फार टोकदार नको, पोटाशी गोलाई हवी. हे सोलणाऱ्यांनी शिकवले. धार एकच आणि साधी, करवतीचे दात नकोत. दगडावर घासता येईल अशी. पावसाळ्यात भटकणार असाल तर न गंजणारे पोलाद बरे. साधे पोलाद हवे असेल तर पुसून खोबरेल लावायची सवय हवी, आणि ओल्या चामडी म्यानात ते ठेवायचे नाही. आणि सुरी बोथट ठेवायची नाही. बेने इस्राएलांचा शास्त्री आणि गावचा मुलाणा, दोघेही हेच सांगतील.

आम्ही आमच्यापुरते एक ठरवले. तिला शिकारीची सुरी म्हणायचे नाही. जे काम आपण करत नाही त्याचा रुबाब मिरवू नये, आणि जे काम दुसरा आपल्यासाठी करतो त्याला नावे ठेवू नयेत. सुरी हा शब्द पुरेसा आहे. ती घेताना भाव, चकाकी, शिक्का यांच्या आधी एवढे विचारावे : हे पाते ज्यांच्या हातांनी घडवले आणि ज्यांच्या हातांनी शहाणे केले, ते हात कोणते? मग देवनारचा रस्ता ओलांडताना मान दुसरीकडे फिरणार नाही. तेवढी धार लागली, तरी पुष्कळ झाले.